दोन शक्तींची घरगुती मोटार

रायपूरहून बिलासपूरकडे जाणारा रस्ता भनपुरीपाशी आला की मोटारीचा वेग तिच्या मालकाच्या हाती उरत नाही. आसपास कारखाने, पुढे उरला आणि सिलतरा येथील लोखंड-पोलादाचे उद्योग, आणि त्यांच्याकडे ये-जा करणाऱ्या मालमोटारींची रांग. अशा ठिकाणी शाळा, बाजार आणि कचेरी यांच्या फेऱ्या घालणाऱ्या कुटुंबाची मोटार घडोघडी थांबते आणि पुन्हा निघते. या थांबण्यानिघण्यात पेट्रोल किती वाया जाते, याचा विचार केला म्हणजे ‘हायब्रिड’ मोटारीचे प्रयोजन सहज ध्यानात येते.

साध्या मोटारीत पेट्रोल जाळून गती मिळवावयाची आणि ब्रेक लावताच तीच गती उष्णतेच्या रूपाने हवेत सोडून द्यावयाची, असा क्रम चालतो. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, त्यातलाच हा प्रकार. हायब्रिड मोटारीत पेट्रोलचे इंजिन आणि विजेवर चालणारी मोटर यांची जोडी असते. गाडीचा वेग कमी होऊ लागला की ही मोटर जनित्राचे काम करते. चाकांच्या गतीतून वीज निर्माण होते आणि ती बॅटरीत साठते. पुढे गाडी हलवताना हीच वीज उपयोगी पडते, आणि मंद गतीत इंजिन पुष्कळदा बंदच राहते. बॅटरी वाटेतच भरत असल्यामुळे घरी तारा जोडण्याची यातायात नसते. चाळीत किंवा वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबास ही सोय लहानसहान नव्हे.

कल्पना तशी जुनी आहे. फर्डिनांड पोर्शे यांनी १९०० सालीच पेट्रोल व वीज यांची सांगड घालणारी गाडी तयार केली होती. परंतु मोठ्या प्रमाणावर विकली गेलेली पहिली हायब्रिड मोटार म्हणजे टोयोटा कंपनीची प्रियस. ती १९९७ साली जपानमध्ये आली. भारतात मध्यमवर्गीय कुटुंबाने विचार करावा अशा हायब्रिड गाड्या २०२२ साली आल्या. होंडा सिटी, मारुती सुझुकीची ग्रँड व्हिटारा आणि टोयोटाची हायरायडर या त्यांपैकी होत. मात्र ‘हायब्रिड’ या नावाने विकली जाणारी प्रत्येक गाडी सारखी नसते. ‘माइल्ड हायब्रिड’ म्हणतात तीत विजेची मोटर इंजिनाला केवळ हातभार लावते. एकट्या विजेवर ती गाडी चालत नाही. खरेदीपूर्वी हा भेद विचारून घेणे अगत्याचे आहे.

आता हिशेबाकडे वळावे. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेच्या चाचणीत ग्रँड व्हिटाराच्या हायब्रिड प्रकारास लिटरला २७.९७ किलोमीटर असा आकडा मिळाला होता. प्रत्यक्ष रस्त्यावर तो कमीच धरणे शहाणपणाचे. समजा, शहरात साधी मोटार लिटरला १४ किलोमीटर जाते आणि हायब्रिड २१. महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्या कुटुंबाचे वर्षाला सुमारे २८६ लिटर पेट्रोल वाचेल. लिटरला शंभर रुपये धरल्यास ही बचत २८,६०० रुपयांची होते. गाडीसाठी तीन लाख रुपये जास्त मोजले असतील, तर ते फिटावयास दहा वर्षांहून अधिक काळ लागेल. फिरणे दुप्पट असेल तर पाच वर्षांच्या थोडे पुढे. किमतीतील या अंतरास करही हातभार लावतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपेक्षा लांब हायब्रिड गाडीवर ४० टक्के वस्तू व सेवा कर आहे. केवळ विजेवर चालणाऱ्या गाडीवर तो ५ टक्के आहे.

बचतीचे प्रमाण रस्त्यावरही अवलंबून असते. रायपूरच्या मराठी कुटुंबांचे नागपूरला जाणेयेणे जुने आहे. राजनांदगाव, भंडाऱ्यावरून होणाऱ्या या सुमारे २९० किलोमीटरांच्या प्रवासात ब्रेक क्वचितच लागतो, वेग एकसारखा राहतो आणि मुख्य भार इंजिनावरच पडतो. तेथे हायब्रिडचा लाभ घटतो. भनपुरीच्या कोंडीत तो वाढतो. शिवाय प्रवासाचे सामान बांधताना एक अडचण जाणवते: कित्येक गाड्यांत बॅटरी मागच्या बाजूस असल्यामुळे सामानाची जागा आक्रसते.

ऊन आणि धूळ यांचाही विचार हवा. मे महिन्यात रायपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. इंजिन बंद असतानाही गाडीतील थंड हवा चालू राहते हे खरे. पण बॅटरी लहान, ती लवकर उतरते आणि इंजिन पुन्हा सुरू होते. बॅटरी थंड ठेवणारी हवा अनेक गाड्यांत मागच्या आसनाजवळच्या जाळीतून आत जाते. कारखान्यांच्या परिसरात ती जाळी वरचेवर साफ करावी आणि तिच्यावर पिशव्या किंवा पांघरुणे ठेवू नयेत. टोयोटा व मारुती सुझुकी या बॅटरीची हमी ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी पुरे होईल तोवर देतात. जुनी हायब्रिड घेणाऱ्याने हमीची किती वर्षे उरली, हे प्रथम पाहावे.

तात्पर्य, कोणती मोटार घ्यावी याचे उत्तर विक्रेत्याच्या दुकानात नसून कुटुंबाच्या रोजच्या फेऱ्यांत आहे. महिनाभर किती किलोमीटर झाले आणि त्यांतील किती गर्दीत गेले, याची नोंद एका साध्या वहीत ठेवावी. गर्दीतील फिरणे पुष्कळ असेल आणि गाडी दीर्घकाळ वापरावयाची असेल, तर हायब्रिड घरखर्चास आधार देईल. आठवड्यातून दोनदा बाहेर निघणाऱ्या घराने मात्र साधीच गाडी घेऊन उरलेले पैसे मुलांच्या शिक्षणासाठी राखणे अधिक हिताचे ठरेल.