निकालातला ‘खर्चासह’ हा शब्द सोडू नका

मिहानच्या रस्त्यांवर कंटेनर, टिप्पर आणि दुचाक्या एकाच वेळी धावतात. खापरी, शिवणगावकडची आपली मुलं तिथे कंत्राटी कामाला जातात. अपघात झाला की कार्यकर्ते धावतात, पोलीस ठाणे, दवाखाना, पंचनामा सांभाळतात. भरपाईचा दावाही दाखल होतो. पण तो दावा लढायला लागलेला पैसा कोणी द्यायचा, हा प्रश्न बहुतेकदा राहूनच जातो.

समजा, ट्रकच्या धडकेत दुचाकीवरचा कामगार दगावला. घरच्यांनी नागपूरच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात ट्रकमालक आणि त्याची विमा कंपनी यांच्याविरुद्ध अर्ज केला आणि ते जिंकले. कोर्ट फी, साक्षीदारांचा भत्ता, नियमाप्रमाणे ठरणारी वकील फी हा झाला मालकाच्या विरोधी पक्षाचा खर्च. तो मालकाच्या विम्यातून मिळतो का? मिळतो. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 150 नुसार (1 एप्रिल 2022 पूर्वी हे कलम 149 होतं) विमा कंपनीने जणू स्वतःच हरलेला पक्ष असल्यासारखी रक्कम भरायची असते. भरपाई, शिवाय न्यायाधिकरणाने मंजूर केलेला खर्च आणि व्याज.

खरी मेख ‘मंजूर केलेला’ या शब्दात आहे. खर्चाचा आदेशच नसेल तर कंपनी एक रुपयाही देणार नाही. म्हणून अर्जातच खर्चाची मागणी लिहा, पावत्या जोडा. ‘प्रमाणशीर खर्चासह अंशतः मंजूर’ असा निकाल आला, तर मागणीच्या जेवढ्या हिश्श्यात यश मिळालं तेवढ्याच प्रमाणात खर्च मिळतो. वकिलाशी खासगीत ठरलेली टक्केवारी यात येत नाही. ती कुटुंबाच्याच खिशातून जाते, आणि विधवा बाईच्या हातात कमी पैसे का पडले याचं उत्तर अनेकदा तिथेच असतं.

दुसरी अट नोटिशीची. न्यायाधिकरणामार्फत कंपनीला दाव्याची नोटीस गेली नसेल तर तिच्यावर जबाबदारीच येत नाही. त्यामुळे पॉलिसी क्रमांक पहिल्याच आठवड्यात पोलिसांकडून मिळवा. अर्जाला कलम 166 ने सहा महिन्यांची मुदत घातली आहे.

कंपनीने मुद्दाम खोटा बचाव घेतला तर? कलम 172 खाली विशेष खर्च मागता येतो, पण त्याची कमाल मर्यादा 1000 रुपये. एवढ्यात साक्षीदाराच्या दोन खेपाही होत नाहीत.

मालकाने स्वतः केलेल्या कुचराईचा दंड मात्र विमा उचलत नाही. कामगार भरपाई कायदा 1923 खालच्या वेदप्रकाश गर्ग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये हेच ठरवलं: भरपाई आणि व्याज कंपनीने द्यावं, पैसे देण्यात उशीर केल्याचा दंड मालकाने. मोटार सोडून इतर दायित्व विम्यात, म्हणजे इमारत, कारखाना, दवाखाना यांच्या पॉलिसीत, समोरच्याचा खर्च मिळेल की नाही हे मुख्यतः पॉलिसीच्या शब्दांवर अवलंबून असतं.

लोकअदालतीत तडजोड होत असेल तर सही करण्याआधी विचारा: या आकड्यात व्याज आणि खर्च धरलाय का? तडजोड झाल्यास भरलेली कोर्ट फी परत मिळण्याची तरतूद आहे, तीही मागा.

आणि मुळात खर्चच कमी करायचा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 च्या कलम 12 नुसार महिला, औद्योगिक कामगार आणि अनुसूचित जातीच्या व्यक्तींना मोफत वकील मिळतो. 1990 च्या दुरुस्तीपासून अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांचाही अनुसूचित जातींत समावेश आहे. जातीचा दाखला सोबत न्या.