चलच्चित्रातील बिंदूचा माग

चलच्चित्रातील एखाद्या बिंदूचा प्रत्येक चित्रचौकटीत माग काढणे वरवर दिसते तितके सुकर नाही. चित्रित दृश्यात संगणकनिर्मित आकृती बसवावयाची, तर हा माग अचूक असावा लागतो. अन्यथा ती आकृती भूमीवर न टेकता तरंगताना दिसते. लूकस व कानादे यांची १९८१ मधील पद्धत बिंदूभोवतीच्या लहान खिडकीतील प्रकाशमानाची तुलना करते. विस्थापन अल्प असते व प्रकाशमान बदलत नाही, हे तिचे गृहीत होय. परंतु खिडकीत केवळ सरळ कड असेल, तर तिला लंब अशीच गती कळते. कडेच्या दिशेची गती अज्ञात राहते. म्हणून कोपऱ्यासारखी स्थळे निवडणे इष्ट ठरते. शी व तोमासी यांनी १९९४ मध्ये अशा निवडीचा निकष मांडला.

तथापि निवड योग्य असूनही पेच उरतो. प्रत्येक वेळी लगतच्या चौकटीशी तुलना केल्यास सूक्ष्म चुका साचत जाऊन माग हळूहळू ढळतो. सदैव पहिल्या चौकटीशी केल्यास पालटलेले रूप जुळत नाही. खुणांच्या भाषेच्या चित्रणात तर एक हात दुसऱ्याआड जाताच बिंदूच लोपतो. सारांश, गती मोजण्यापूर्वी, रूप पालटले तरी वस्तू तीच आहे, हे ठरवावे लागते. या विद्येतील कठीण प्रश्न हाच होय.