सात दरवाजांच्या आतली राणी

मेल्यावर माणूस कुठे जातो, या एका प्रश्नावर जगभर पुष्कळांनी पोट भरले आहे. प्रश्न जुना आहे. ज्या देशात जगातली अगदी पहिली लिपी तयार झाली, तिथल्या लोकांनी मातीच्या ओल्या पाट्यांवर बोरूने टोचून याचे उत्तर लिहून ठेवले आहे. तो देश म्हणजे टायग्रिस आणि युफ्रेटिस या दोन नद्यांमधला मेसोपोटेमिया, आजचा इराक. ते उत्तर आम्ही वाचले आणि थोडे चकितच झालो.

चकित अशासाठी, की त्यात स्वर्ग नाही आणि उकळत्या तेलाच्या कढयाही नाहीत. मेलेला माणूस राजा असो की हमाल, सगळे एकाच ठिकाणी, जमिनीखाली. तिथे उजेड नाही. दारावर आणि कडीवर धूळ साचलेली. खायला धूळ आणि भाकरीच्या जागी माती. अंगावर पाखरांसारखी पिसे. गिल्गमेश राजाच्या महाकाव्यात त्याचा मित्र एन्किदू मरणापूर्वी हे सारे स्वप्नात पाहतो. तिथे त्याला एका जागी मुकुटांचा ढीग पडलेला दिसतो. एके काळी राज्य केलेले ते मुकुटवाले तिथे भाजलेले मांस वाढताहेत, थंड पाणी ओतताहेत. वाढप्याचे काम राजांच्या वाट्याला आलेले आहे!

या राज्याची मालकीण एक बाई आहे. तिचे नाव एरेशकिगल, अर्थ ‘मोठ्या भूमीची राणी’. तिच्या दाराशी नेती नावाचा द्वारपाल. तिचा कारभारी नामतार. नामतार म्हणजे ‘ठरलेले’, माणसाचे नशीब, आणि रोगराई पसरवणाराही तोच. तिच्यापुढे गुडघे टेकून हातातली पाटी वाचून दाखवणारी एक लेखनिक, बेलेत-सेरी. म्हणजे फाटक, पहारेकरी, कारभारी, कारकून. सरकारी कचेरीत ज्याने खेटे घातले आहेत, त्याला हे पाताळ अनोळखी वाटणार नाही.

एरेशकिगलची धाकटी बहीण इनान्ना. ही वरच्या जगातली, प्रेमाची आणि लढाईची देवी. एकदा तिला पाताळात जायची इच्छा झाली. अंगावर होते नव्हते ते घालून ती निघाली. डोक्यावर मुकुट, गळ्यात निळ्या मण्यांची माळ, हातात सोन्याचे कडे, राणीचा झगा. थोरल्या बहिणीच्या नवऱ्याच्या मर्तिकाला आले आहे, असे तिने दारात सांगितले. नेती तिला एकेका दरवाजातून आत घेतो आणि प्रत्येक दरवाजात एक वस्तू उतरवून घेतो. ती विचारते, हे काय? उत्तर एकच, इथला रिवाज असा आहे, तोंड उघडू नकोस. सातव्या दरवाजात अंगावरचा झगाही जातो. उघडी, वाकलेली इनान्ना बहिणीपुढे उभी राहते. सात न्यायाधीश तिच्याकडे नजर टाकतात आणि ती मरते. तिचे प्रेत खुंटीला टांगून ठेवले जाते. देवी असली म्हणून काय झाले!

पुढचा भाग आम्हांला सगळ्यांत आवडला. इनान्नाची दासी निनशुबुर तीन दिवस तीन रात्री वाट पाहते आणि मग देवांच्या दारोदार फिरते. दोन मोठे देव हात झटकतात, तिने नसते धाडस केले म्हणतात. तिसरा, शहाणा एन्की, मात्र आपल्या नखांतला मळ काढून त्याचे दोन क्षुद्र जीव घडवतो. ते माशांसारखे दाराच्या फटीतून आत शिरतात. आत काय दिसते? ज्या राणीला सारे जग भिते, ती बाळंतिणीसारखी पडून कण्हते आहे. अंगावर पांघरूणही नाही. ती म्हणते, माझे काळीज. हे दोघे म्हणतात, अगं बाई, तुझे काळीज. (दुःखाची जागा काळीज, हे त्यांचेही आणि आपलेही.) तिच्या प्रत्येक कण्हण्याला ते असेच उत्तर देतात. त्यांनी केले ते एवढेच. पण आजवर तिला कोणी विचारलेच नव्हते! राणी इतकी हेलावते, की भरलेली नदी देते, पिकाचे शेत देते म्हणते. ते दोन्ही नाकारतात आणि खुंटीवरचे प्रेत मागून घेतात. इनान्ना जिवंत होते.

पण पाताळाचा हिशेब कडक. एक जीव सुटला तर बदली दुसरा पाहिजे. तो घ्यायला इनान्नाबरोबर शिपाई निघतात, त्यांचे नाव गल्ला. नाव गल्ला असले तरी नजराण्याला हात न लावणारे! घरी येऊन पाहते तो नवरा दुमुझी शोक करायचा सोडून भारी कपडे घालून आसनावर बसलेला. न्या यालाच, ती म्हणते. पुढे दुमुझीची बहीण गेश्तिनान्ना भावाच्या वाटणीचे अर्धे वर्ष आपल्या अंगावर घेते. अर्धे वर्ष तो खाली, अर्धे वर्ष ती.

एरेशकिगलच्या नवऱ्याची, नेरगलची, गोष्टही मासलेवाईक आहे. वर देवांची मेजवानी होती. राणीला पाताळ सोडता येत नाही, म्हणून तिने आपल्या वाट्याचे ताट न्यायला नामतारला पाठवले. सगळे देव तिच्या या दूताला उठून उभे राहिले, नेरगल बसूनच राहिला. मोठ्यांच्या बैठकीत कोण कोणासाठी उठतो, याला किती अर्थ असतो ते आम्ही वाचकांना काय सांगावे! त्या अपमानाचा जाब द्यायला नेरगलला पाताळात जावे लागले आणि भांडणाचा शेवट लग्नात झाला. ही गोष्ट इतकी दूर पोचली, की तिची एक पाटी १८८७ साली इजिप्तमधल्या अमार्ना येथे सापडली.

आता प्रश्न असा, की पाताळात सगळे खरोखर सारखे होते का? नाही. पाप-पुण्याची वही तिथे नव्हती हे खरे, पण मागे राहिलेल्यांनी जमिनीत पाणी ओतले, घास ठेवला, तर खालच्याला तो मिळे. म्हणून ज्याला मुलगे जास्त त्याची सोय बरी. सुमेरी काव्यात एन्किदूची सावली गिल्गमेशला हे सारे सांगते. एक मुलगा असलेला रडत असतो, सात असलेला देवांजवळ बसतो. ज्याचे मागे कोणी नाही, तो भांड्याची खरवड आणि रस्त्यावर टाकलेले तुकडे खातो. मूल न झालेली बाई फुटक्या मडक्यासारखी बाजूला फेकलेली. वरच्या जगात तिला जे भोगावे लागले, तेच त्यांनी खाली नेऊन ठेवले, हे आम्हांला पटत नाही. त्याच यादीत मात्र एक ओळ अशी येते, की वाचताना थांबावे लागते. जन्मतःच गेलेली, जगच न पाहिलेली बाळे तिथे सोन्याचांदीच्या चौरंगाशी खेळतात आणि चौरंगावर मध आणि तूप असते. ती ओळ लिहिणाऱ्याच्या घरात पाळणा रिकामा झाला असेल का, असे मनात आले.

आणि राजे? सुमारे ४१०० वर्षांपूर्वी उर शहराचा राजा उर-नम्मा वारला. त्याच्यावरच्या शोककाव्यात तो पाताळातल्या एकेका देवाला भेट देत फिरतो. नेरगलला गदा आणि धनुष्य, एरेशकिगलला भारी वस्त्रे, नामतारला दागिने, नामतारच्या बायकोलाही काही. शिपाई नजराणा घेत नाहीत, वरचे साहेब घेतात! एवढे वाटूनही राजाला रडू आवरत नाही. उरचा तट अर्धा राहिला, बायको राहिली, मांडीवर घ्यायचे मूल राहिले.

याच उर शहरात लिओनार्ड वूली या इंग्रज संशोधकाने १९२२ ते १९३४ पर्यंत उत्खनन केले. उर-नम्माच्याही काही शतके आधीची राजघराण्याची थडगी तिथे निघाली. त्यांत सोने, निळे दगड आणि आपल्या सिंधू खोऱ्यातून गेलेले तांबड्या अकिकाचे मणीही होते. एका मोठ्या खड्ड्यात ७४ माणसे ओळीने झोपवलेली होती. त्यांतल्या ६८ बायका, नटवलेल्या, डोक्याला सोन्याचांदीच्या फिती. मोठ्या माणसाबरोबर खाली गेलेले हे चाकर. त्यांनी आपण होऊन विष घेतले असावे, असे वूली यांना वाटले आणि कित्येक वर्षे पुस्तकांतून तेच छापले गेले. पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संग्रहालयातल्या उरच्या दोन कवट्या स्कॅन करून तपासल्या. एक या खड्ड्यातल्या बाईची, एक दुसऱ्या थडग्यातल्या शिपायाची. २०११ साली तो अभ्यास छापून आला. दोन्ही कवट्यांवर जबर घावाच्या खुणा होत्या.

त्या खड्ड्यातल्या एका मुलीच्या डोक्याला फीत नव्हती. चांदीची फीत गुंडाळी करून तिच्या कमरेपाशी ठेवलेली सापडली. तिला यायला उशीर झाला असेल आणि फीत बांधायला वेळच मिळाला नसेल, असे वूली यांनी लिहून ठेवले आहे.