ठिणगीचा माग

नारळी पौर्णिमेनंतर कोकणातल्या खाड्यांच्या काठी होड्यांच्या मशीनची दोरी ओढल्याची खरखर ऐकू येते. कुठे पहिल्या हिसक्यात मशीन धडधडतं, कुठे दहा हिसक्यांनंतरही गप्पच. मग कुणीतरी सांगतं, 'सीडीआय गेला.' ठिणगीसाठी वीज साठवून सोडणारा हा महागडा भाग सर्वांत आधी बदलायची घाई पैसा वाया घालवते.

दोरीने सुरू होणाऱ्या बहुतेक मशीनची ठिणगी बॅटरीवाचून पडते. दोरी ओढली की इंजिनाच्या चाकातली चुंबकं कॉइलभोवती फिरतात, वीज तयार होते, सीडीआय ती साठवून नेमक्या क्षणी सोडतो, इग्निशन कॉइल तिचा दाब हजारो व्होल्टवर नेते आणि प्लगच्या फटीत ठिणगी उडते. माग काढायचा तो याच वाटेवर, पण उलट्या दिशेने.

आधी मशीन बंद करायच्या बटणातली लाल दोरीची क्लिप जागेवर आहे ना, ते पाहा. ती निघाली की ठिणगी बंद होते. मग प्लग काढा. कोरडा असेल तर इंधनाकडे बघा. ओला असेल तर संशय ठिणगीवर. घासलेटवर चालणाऱ्या मशीनचा प्लग लवकर काजळतो, म्हणून बंद करण्याआधी थोडा वेळ पेट्रोलवर चालवावं. नवा प्लग टोपीत बसवून त्याची धातूची बाजू इंजिनाला घट्ट टेकवा, प्लगच्या भोकापासून लांब, कारण तिथून पेट्रोलची वाफ येते. सावलीत दोरी ओढा. निळी, कडकडीत ठिणगी दिसली तर दोष बहुधा जुन्या प्लगचा.

नाहीच दिसली, तर बंद करायच्या बटणाची वायर सोडवून पुन्हा बघा. आता ठिणगी आली, तर दोष बटणात किंवा त्याच्या वायरीत. तरीही काही नाही, तर वायरींचा एकेक जोड उघडा. रबराच्या टोपीखाली तांब्यावर हिरवट, भुसभुशीत थर चढलेला दिसेल. बोट लावलं तर पीठ झडतं. हे खाऱ्या हवेचं काम. जोड घासून स्वच्छ करा, अर्थिंगचा बोल्ट आवळा. मग मीटरने कॉइल तपासा, आकडे मशीनच्या पुस्तकाशी ताडून पाहा. सगळं ठीक निघालं, तरच सीडीआयकडे वळा.

दर्यात मशीन बंद पडलं की होडी ओढीबरोबर वाहवत जाते. म्हणून प्रत्येक फेरीनंतर मशीन गोड्या पाण्याने धुवा, आणि एक कोरडा प्लग व प्लगपाना होडीत कायम ठेवा.