वेम्ब्ली: ९०,००० खुर्च्यांचा हिशेब

९०,००० खुर्च्या. २,६१८ शौचकूप. १३३ मीटर उंचीची आणि ३१५ मीटर लांबीची कमान. एकूण खर्च ७९.८ कोटी पौंड. २००७ मध्ये लंडनचं नवं वेम्ब्ली स्टेडियम उघडलं तेव्हा हे आकडे जगभर छापून आले. मी मात्र आधी एक वेगळाच आकडा मांडून बघेन: वर्षाच्या ३६५ दिवसांपैकी तिथे फुटबॉल किती दिवस खेळला जातो?

मोजायला बसू. एफए कपचे दोन उपांत्य सामने आणि अंतिम सामना, लीग कपचा अंतिम सामना, खालच्या श्रेणींतून वर चढण्यासाठीचे प्ले-ऑफ, कम्युनिटी शील्ड, महिलांच्या एफए कपचा अंतिम सामना, इंग्लंडच्या पुरुष आणि महिला संघांचे काही सामने, छोट्या क्लबांच्या दोन-तीन लढती. सगळे धरले तरी गाडी वीसच्या आसपास थांबते. उरलेल्या सुमारे ३४५ दिवसांचा प्रश्न वेम्ब्लीला पहिल्या दिवसापासून चिकटलेला आहे.

जुनं वेम्ब्ली ब्रिटिश साम्राज्याच्या १९२४ च्या प्रदर्शनासाठी बांधलं गेलं. काम ३०० दिवसांत उरकलं, खर्च साडेसात लाख पौंड. २८ एप्रिल १९२३ रोजी तिथे पहिला सामना झाला, एफए कपचाच अंतिम सामना, बोल्टन वाँडरर्स विरुद्ध वेस्ट हॅम. अधिकृत प्रेक्षकसंख्या १,२६,०४७. प्रत्यक्षात किती माणसं होती ते कुणालाच सांगता आलं नाही. अंदाज दोन लाखांच्याही पुढे जातात. आगाऊ तिकिटांची सक्ती नव्हती, लोक भिंती चढून आत आले आणि हिरवळ दिसेनाशी झाली. जॉर्ज स्कोरी नावाचा पोलीस आपल्या बिली घोड्यावरून गर्दी इंच-इंच मागे रेटत राहिला आणि सामना सुमारे पाऊण तास उशिरा सुरू झाला. घोडा करड्या रंगाचा होता, पण त्या काळच्या चित्रफितीत तो पांढराशुभ्र दिसतो. तेव्हापासून तो सामना ‘पांढऱ्या घोड्याचा’ म्हणून ओळखला जातो. आज स्टेडियमकडे जाणाऱ्या एका पादचारी पुलाला त्याच घोड्याचं नाव आहे. पुढच्या वर्षीपासून अंतिम सामन्याला तिकिटाशिवाय प्रवेश बंद झाला.

पण कपचा अंतिम सामना वर्षातून एकदाच. प्रदर्शन संपल्यावर या अवाढव्य वास्तूला जगवलं ते ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यतींनी. या शर्यतींचं वजन किती होतं, ते १९६६ च्या विश्वचषकात दिसलं. स्पर्धा इंग्लंडमध्ये, मुख्य मैदान वेम्ब्ली, आणि तरी उरुग्वे-फ्रान्स सामना व्हाइट सिटी स्टेडियमवर हलवावा लागला. कारण त्या शुक्रवारी वेम्ब्लीवर नेहमीची शर्यत होती आणि मालक ती रद्द करायला तयार नव्हते. विश्वचषकाने कुत्र्यांच्या शर्यतीला वाट करून दिली!

आपल्यासाठी या मैदानावरची सर्वांत मोठी तारीख फुटबॉलची नाहीच. १२ ऑगस्ट १९४८. लंडन ऑलिंपिकच्या हॉकीत किशनलाल यांच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र भारताच्या संघाने याच मैदानावर ब्रिटनला ४-० असं हरवून सुवर्णपदक घेतलं. त्या संघात मुंबईचे गोलरक्षक लिओ पिंटोही होते. साम्राज्याचा दिमाख मिरवण्यासाठी उभारलेल्या जागेत, स्वातंत्र्याला एक वर्ष पूर्ण व्हायला तीन दिवस उरले असताना, तिरंगा वर चढला. मला तो ४-० चा आकडा कोणत्याही प्रेक्षकसंख्येपेक्षा मोठा वाटतो.

७ ऑक्टोबर २००० रोजी जर्मनीने इंग्लंडला १-० ने हरवलं आणि जुनं वेम्ब्ली बंद झालं. नव्याच्या बांधकामाचं कंत्राट २००२ मध्ये ४४.५ कोटी पौंडांना ठरलं. किंमत निश्चित होती, त्यामुळे वाढीव खर्चाचा मोठा चटका कंत्राटदाराला बसला. जमीन, पाडकाम, आजूबाजूचे रस्ते, कर्जाचा खर्च हे सगळं धरून एकूण बेरीज ७९.८ कोटींवर गेली. त्यातले १२ कोटी लॉटरीच्या निधीतून आले. २००६ चा एफए कप इथे व्हायचा होता, तो हुकला; २००१ ते २००६ असे सलग सहा अंतिम सामने वेल्समधल्या कार्डिफला झाले. अखेर ९ मार्च २००७ ला ताबा मिळाला.

ती कमान शोभेची आहे असं अनेकांना वाटतं. तसं नाही. उत्तरेकडच्या छपराचा सगळा आणि दक्षिणेकडच्या छपराचा बराचसा भार ती उचलते. म्हणूनच ९०,००० जणांपैकी एकाच्याही नजरेआड खांब येत नाही. छपराचे काही भाग सरकतात, पण ते मैदान पूर्ण झाकत नाहीत. हिरवळीला ऊन आणि वारा मिळावा हा त्यामागचा हेतू.

तरीही हिरवळीने दगा दिला. उंच स्टँडची सावली, कोंडलेली हवा आणि मधल्या काळात झालेले संगीताचे कार्यक्रम. २००७ आणि २००८ मध्ये तर आत डांबरी पट्टा टाकून मोटारींच्या शर्यती झाल्या. पहिल्या तीन वर्षांत हिरवळ दहा-अकरा वेळा नव्याने घालावी लागली. खेळाडू घसरत होते, प्रशिक्षक जाहीरपणे संतापत होते. २०१० मध्ये नैसर्गिक गवताच्या मुळांत कृत्रिम धागे शिवलेलं मैदान आलं, तेव्हा कुठे पाय टिकू लागले.

एवढे कार्यक्रम कशासाठी? कर्ज फेडण्यासाठी. त्याचसाठी मधल्या मजल्यावरच्या सुमारे १७,००० महागड्या खुर्च्या दहा-दहा वर्षांच्या कराराने विकल्या गेल्या. त्याची खूण टीव्हीवर आजही दिसते: मध्यंतर संपून खेळ सुरू झालेला असतो, वरचा आणि खालचा मजला भरलेला, आणि मधला लाल पट्टा अर्धा रिकामा. ते प्रेक्षक अजून आतल्या जेवणाच्या टेबलांवर असतात. भाव वाढवून खुर्ची विकता येते, तिच्यावर माणूस बसवता येत नाही.

वापराचे आकडे तर मोठे उद्बोधक आहेत. नव्या स्टेडियममधल्या पहिल्याच एफए कप अंतिम सामन्याला, १९ मे २००७ रोजी, ८९,८२६ प्रेक्षक होते. २०२४ मध्ये अँथनी जोशुआ आणि डॅनियल डुबॉइस यांच्या मुष्टियुद्धाला ९६,०००. क्षमतेपेक्षा जास्त कसे? कारण मुष्टियुद्धात रिंग मधोमध असते आणि हिरवळीवरही खुर्च्या मांडता येतात. फुटबॉलमध्ये उलट घडतं. दोन संघांचे पाठीराखे वेगळे ठेवायला काही रांगा मोकळ्या सोडाव्या लागतात. म्हणजे फुटबॉलसाठी बांधलेल्या वास्तूत सर्वाधिक माणसं बसतात ती फुटबॉल नसताना. टेलर स्विफ्टने २०२४ च्या उन्हाळ्यात इथे ८ रात्री गाजवल्या, कोल्डप्लेने पुढच्या वर्षी १०.

या सगळ्यात दोन आकडे मला शेजारी-शेजारी ठेवावेसे वाटतात. ११ जुलै २०२१, पुरुषांच्या युरो स्पर्धेचा अंतिम सामना, कोविडच्या निर्बंधांमुळे अधिकृत प्रेक्षक ६७,१७३. त्याशिवाय सुमारे २,००० लोक तिकिटाविना दरवाजे फोडून, अपंगांसाठीच्या प्रवेशद्वारांतून घुसले. नंतरच्या चौकशीत निष्कर्ष निघाला की त्या दिवशी जीव जाण्याचा धोका खराखुरा होता. ९८ वर्षांपूर्वीची गर्दी परत आली होती आणि या वेळी तिच्यात खूप जास्त द्वेष होता. आणि ३१ जुलै २०२२, महिलांच्या युरोचा अंतिम सामना, ८७,१९२ प्रेक्षक. पुरुष असोत वा महिला, युरोच्या कोणत्याही सामन्याला तोवर इतके लोक आले नव्हते. इंग्लंडने जर्मनीला जादा वेळेत २-१ असं हरवलं. ज्या इंग्लिश फुटबॉल संघटनेने, म्हणजे एफएने, १९२१ मध्ये आपल्या क्लबांच्या मैदानांवर महिलांना खेळायला बंदी घातली आणि ती सुमारे ५० वर्षं टिकवली, तिच्याच मालकीचं हे स्टेडियम.

२०१८ मध्ये ते विकायलाही निघालं होतं. उद्योगपती शाहिद खान यांनी ६० कोटी पौंड देऊ केले. बांधकामाला लागलेल्या रकमेपेक्षा जवळपास २० कोटी कमी. विरोध वाढला आणि त्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी प्रस्ताव मागे घेतला. विक्रीचा पैसा तळागाळातल्या मैदानांवर खर्च होणार होता, हे मान्य करूनही मी म्हणेन, झालं ते बरं झालं. राष्ट्रीय मैदान एकदा विकलं की परत घेता येत नाही.

जुन्या वेम्ब्लीत करंडक घ्यायला खेळाडूंना ३९ पायऱ्या चढाव्या लागत. नव्यात १०७ आहेत. १७ मे २०२५ रोजी क्रिस्टल पॅलेसचे खेळाडू त्या चढले. मँचेस्टर सिटीला १-० ने हरवून घेतलेला तो एफए कप या क्लबच्या इतिहासातला पहिला मोठा करंडक होता.