नारू : नाम आणि रोगप्रसार

बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगररांगेत वसलेले कपिलधार हे मन्मथस्वामींचे समाधिस्थान तेथील धबधब्यासाठीही विख्यात आहे. भोवतालचा मुलूख मात्र अवर्षणाचा. अशा मुलखात उन्हाळ्यातील लोकजीवन विहिरी व बारवा यांवर विसंबून असे. वाहते पाणी आणि साचलेले पाणी यांतील हा भेद नारूच्या अभ्यासात मूलभूत ठरतो. कारण त्याचा प्रसार मुख्यतः साचलेल्या पाण्यातून होतो.

‘नारू’ या शब्दाचे मूळ संस्कृत ‘स्नायु’ व प्राकृत ‘ण्हारु’ यांत आहे. त्वचेतून बाहेर पडणारा, ६० ते १०० सेंटीमीटर लांबीचा पांढरा कृमी स्नायूच्या तंतूसारखा दिसतो, म्हणून हे नाव. अर्थात नाव पडले ते रोगाच्या अखेरच्या अवस्थेवरून. रोगाचा उगम त्यापूर्वी सुमारे एक वर्ष प्यालेल्या पाण्यात असतो. कार्यकारणांत एवढे अंतर पडल्यामुळे लोकांच्या नजरेस पायातील तंतू आला, पाण्यातील बीज आले नाही.

ते बीज सायक्लॉप्स नामक सूक्ष्म जलचराच्या पोटात असते, हे रशियन संशोधक फेदचेंको यांनी १८७० च्या सुमारास दाखविले. रोग्याच्या पायावर फोड येऊन असह्य दाह होतो. तो शमविण्यासाठी पाय पाण्यात बुडविताच मादी असंख्य अळ्या सोडते. सायक्लॉप्स त्या गिळतात आणि सुमारे दोन आठवड्यांनी ते पाणी पिणाऱ्यास बाधा होऊ शकते. बारवेच्या पायऱ्या रोग्याला थेट पाण्यापर्यंत नेत. त्याच पाण्यात इतरांच्या घागरी भरत. तंतू काडीला गुंडाळून रोज थोडाथोडा ओढावा लागे. ऐन पेरणीच्या तोंडावर कर्ता माणूस अंथरुणास खिळला, की कुटुंबाचे वर्षच बुडे.

या रोगावर लस नाही, कृमीचा नाश करणारे खात्रीचे औषध नाही, आणि एकदा होऊन गेल्याने प्रतिकारशक्तीही येत नाही. तरीही तो भारतातून गेला. १९८३ मध्ये आरंभिलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात पाणी फडक्याने गाळणे, सायक्लॉप्सनाशक द्रव्य टाकणे, हातपंप बसविणे, पायऱ्यांच्या विहिरी सुरक्षित करणे आणि रोग्यास पाण्यात उतरू न देणे यांवर भर होता. शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात आढळला. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणित केले.

तात्पर्य, नारूचे निर्मूलन औषधाने नव्हे, तर माणूस व पाणी यांचा संबंध बदलल्याने झाले. रोगाचे नाव शरीराकडे बोट दाखवीत राहिले. उपाय मात्र पाणवठ्यावर सापडला.