बोगद्यातले वळण का दिसत नाही?

सुट्टीच्या दिवशी दुपारी मुले टीव्हीवर मोटारींच्या शर्यतीचा खेळ खेळत असतात. समजा, मार्ग मोनॅकोचा आहे. समुद्रकाठच्या लख्ख उन्हातून मोटार बोगद्यात शिरते आणि थेट भिंतीवर आदळते. या बोगद्यातला रस्ता उजवीकडे वळत जातो, आणि ते वळण पडद्यावरच्या काळोखात दिसलेलेच नसते. मग कोणीतरी रिमोट उचलून 'ब्राइटनेस' भरपूर वाढवते. आता सगळे चित्रच धुरकट होते. उजेड वाढवूनही नीट का दिसत नाही?

याचे उत्तर आपल्या डोळ्यांच्या स्वभावात आहे. डोळा उजेड मोजत नाही, तो तुलना करतो. अंधाऱ्या खोलीत एक मेणबत्ती लावली तर केवढा फरक पडतो! पण शंभर मेणबत्त्या जळत असताना आणखी एक लावली तर कोणाच्या लक्षातही येत नाही. वाढ दोन्ही वेळा सारखीच, पण तिचे मूळ उजेडाशी प्रमाण वेगळे. एर्न्स्ट वेबर या जर्मन शास्त्रज्ञाने १९व्या शतकात हातातल्या वजनांबाबत हेच पाहिले होते.

हा नियम टीव्हीला लावून पाहू या. पडद्याची तेजस्विता कँडेला प्रति चौरस मीटर या एककात मोजतात. आपण नुसते 'एकक' म्हणू. समजा, पडद्यावरचा पांढरा रंग २०० एकक आणि काळा ०.२ एकक आहे. बोगद्यातला रस्ता काळा आहे, तर भिंत त्याहून किंचित उजळ, सुमारे १.५ एकक. म्हणजे भिंत रस्त्याच्या सातपट उजळ, आणि वळण स्पष्ट दिसेल. आता समोरची खिडकी उघडा. काचेवरून परावर्तित होणारा ४ एकक उजेड पडद्याच्या प्रत्येक भागात मिसळला, असे धरू. रस्ता झाला ४.२ आणि भिंत ५.५. सातपटीचे प्रमाण १.३ पटीवर आले! पांढऱ्याला मात्र २०० चे २०४ झाल्याने काहीच फरक पडला नाही. बाहेरचा उजेड चित्रातल्या काळोखावरच घाला घालतो, तो असा. म्हणून टीव्हीच्या बटणांना हात लावण्याआधी पडदे ओढावेत. मात्र खोलीत पूर्ण अंधारही नको, नाहीतर डोळे शिणतात. टीव्हीच्या मागे एक मंद दिवा असलेला बरा.

आता बटणांकडे वळू. त्यांची नावे फसवी आहेत. बऱ्याच टीव्हींवर 'ब्राइटनेस' हे बटण मुख्यतः काळ्याची पातळी ठरवते आणि 'कॉन्ट्रास्ट' पांढऱ्याची. पडद्यामागच्या दिव्याचा प्रकाश बदलणारे बटण वेगळेच असते. त्याला 'बॅकलाइट' म्हणतात. (काही उत्पादक ही नावे वेगळ्या प्रकारे वापरतात, म्हणून बटण फिरवून काय बदलते ते पाहावे.) ब्राइटनेस फार कमी केला तर सगळ्या गडद छटा एकाच काळ्यात बुडतात. तो फार वाढवला तर काळ्याचाच राखाडी होतो आणि चित्र धुरकट दिसते. कॉन्ट्रास्ट फार वाढवला तर बोगद्याच्या तोंडाशी नुसता पांढरा भपका उरतो व पुढचा रस्ता नाहीसा होतो.

काळा काळाच राहावा, पांढरा पांढराच राहावा आणि मधल्या छटा तेवढ्या वर याव्यात, असे करता येईल काय? होय. 'गॅमा' त्यासाठीच असतो. टीव्हीला मिळणारा संकेत निम्मा झाला म्हणून पडद्यावरचा प्रकाश निम्मा होत नाही. जुन्या चित्रनलिकेत प्रकाश संकेताच्या साधारण २.२ ते २.५ व्या घाताच्या प्रमाणात बदलत असे. आता नलिका गेली, पण नियम टिकला, कारण तो डोळ्यालाही सोयीचा आहे. गॅमा २.२ असेल तर १० टक्के संकेताला पूर्ण प्रकाशाच्या ०.६३ टक्केच प्रकाश मिळतो. गॅमा १.८ केला तर तोच १.६ टक्के होतो. शून्याचा कोणताही घात शून्य आणि एकाचा एकच, त्यामुळे दोन्ही टोके जागच्या जागी राहतात. आपल्या उदाहरणातली भिंत १० टक्के संकेताचीच होती. उजेडाच्या खोलीतही रस्ता ४.२ वर राहून भिंत ७.४ वर जाते. १.३ पटीचे प्रमाण पावणेदोन पट होते आणि वळण दिसू लागते.

एवढे करूनही गडद भाग कोळशासारखा दिसला, तर खेळाचे यंत्र आणि टीव्ही यांची भाषा जुळते का, ते पाहावे. आठ बिटांच्या संकेतात ० ते २५५ अशा २५६ पातळ्या असतात. टीव्हीच्या परंपरेत मात्र १६ म्हणजे काळा आणि २३५ म्हणजे पांढरा. यंत्र पहिल्या पद्धतीने बोलले आणि टीव्हीने दुसऱ्या पद्धतीने ऐकले, तर १६ खालचे सारे काळे होते. गेलेला तपशील मग कोणत्याही बटणाने परत येत नाही. दोन्हीकडे एकच पद्धत निवडणे हाच उपाय.

शर्यतीत 'केव्हा' दिसते हेही महत्त्वाचे. चित्र सुधारण्यासाठी टीव्ही त्यावर बरीच प्रक्रिया करतो व त्यात वेळ जातो. ताशी १८० किलोमीटर वेगाची मोटार सेकंदाला ५० मीटर जाते. चित्र दशांश सेकंद उशिरा आले तर ती तेवढ्यात ५ मीटर पुढे गेलेली असते! 'गेम मोड' ही प्रक्रिया कमी करतो.

तेव्हा क्रम असा ठेवावा: आधी खोलीतला उजेड, मग गेम मोड व पातळ्यांची जुळणी, नंतर ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट आणि शेवटी गॅमा. अनेक खेळांत यासाठी चाचणीचे चित्र असते; त्यातली गडद खूण जेमतेम दिसेल इथे थांबावे.

हा धडा वर्गातही उपयोगी आहे. तिरपा उजेड पडून फळा चकाकला की मागच्या बाकावरची मुले "दिसत नाही" म्हणतात. फळ्यावर उजेड तर भरपूर असतो. पण खडूची रेघ आणि काळा फळा यांतले प्रमाण घटलेले असते. अशा वेळी आणखी एक दिवा लावण्यापेक्षा एक खिडकी बंद करून पाहावी.